महोत्सवात काम करायचंय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप यायला लागतात. "ताई, महोत्सवात काही काम आहे का?" विचारणारी कधी बी.कॉम.ची विद्यार्थिनी असते, कधी लग्नात ढोलकी वाजवणारा मुलगा, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. मी सतरा वर्षं नागपुरात पडद्यामागे काम करते आहे. सुरुवात केबल गुंडाळण्यापासून केली, आता मंच व्यवस्थापक म्हणून उभी असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

कलाकार सोडून महोत्सवात आणखी कुणाला काम मिळतं?

संध्याकाळी सात वाजता पडदा उघडतो, तेव्हा मंचावर दहा माणसं दिसत असतील तर त्यांच्यासाठी राबणारी शंभर माणसं आजूबाजूला असतात. ती कोण, हे कळायला तीन महिने मागे जावं लागतं.

आधी कार्यक्रम ठरवणारे येतात. कोणत्या दिवशी कुणाला बोलवायचं, शास्त्रीय गायनानंतर लगेच लोकनृत्य लावायचं का, कलाकाराचे साथीदार किती, मानधन किती, येण्याजाण्याचं काय, हे सगळं बोलणं त्यांच्याकडे. त्यांच्या जोडीला प्रायोजक मिळवणारी आणि प्रसिद्धी पाहणारी मंडळी: बातमी लिहिणारे, पत्रिका-फलक करणारे, मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ करणारे.

मग परवानग्या काढणारा माणूस. त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण या कामाकडे तरुण वळतच नाहीत. पोलिसांची परवानगी, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, मैदान असेल तर जागेच्या मालकाचं पत्र, तात्पुरत्या वीजजोडणीची तपासणी, मंचाच्या मजबुतीचा दाखला. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. ध्वनिमुद्रित गाणी वाजणार असतील तर संगीताच्या हक्कांचे परवाने. यातला एक कागद राहिला तर लाखोंचा खर्च करून उभा केलेला मंच अंधारात राहतो. ज्याला कार्यालयांच्या पायऱ्या चढायचा कंटाळा नाही आणि ज्याची फाइल नेहमी नीट लावलेली असते, अशा माणसाला नागपुरात काम कमी पडणार नाही.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले की मैदानावर मांडववाले, बिछायतवाले, लाइट टांगायचे ट्रस (धातूचे सांगाडे) उभारणारे, जनरेटरवाले, साउंड आणि लाइटची पथकं, एलईडी भिंतवाले येतात. प्रत्यक्ष दिवशी कलाकारांना विमानतळावरून किंवा स्टेशनवरून आणणारे, हॉटेल आणि जेवण पाहणारे, ग्रीन रूम (कलाकारांची तयारीची खोली) सांभाळणारे, रंगभूषाकार, कपड्यांना इस्त्री करून देणारे, निवेदक, कॅमेरावाले, थेट प्रक्षेपण करणारे, पासांची खिडकी, प्रवेशद्वार, पार्किंग, प्रथमोपचार, पाणी आणि सफाई. शेवटची तीन कामं नेहमी यादीच्या तळाला जातात. पण प्रेक्षक दुसऱ्या दिवशी कुटुंबाला घेऊन पुन्हा येतात की नाही, हे स्वच्छतागृह कसं होतं त्यावर बरंच ठरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नागपुरात ही कामं कुठे आणि कधी निघतात?

मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन उतरलेलं असतं, उघड्या मैदानावर बसवतं. खासदार सांस्कृतिक महोत्सव ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर भरतो आणि तिथल्या मंचाचा आवाका मोठा असतो. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हे देशातल्या सात विभागीय सांस्कृतिक केंद्रांपैकी एक. त्याचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि हिवाळ्यात तिथे लोकनृत्यं आणि हस्तकलेचा मेळा असतो. रामटेकशी नातं सांगणारा कालिदास महोत्सव शास्त्रीय संगीत-नृत्याचा. चिटणवीस सेंटरमध्ये साहित्याचे कार्यक्रम होतात. सभागृहांत सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह आणि 2017 साली सुरू झालेलं रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, ही दोन नावं तुमच्या तोंडी सतत येतील. फेब्रुवारी 2019 मध्ये 99वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन रेशीमबागेतच झालं. राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्याही नागपूर केंद्रावर होतात, आणि तिथे नेपथ्य-प्रकाशाचा हात बसवायला मिळतो.

एक गोष्ट बाहेरगावच्यांना कळत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं. हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, गाड्यांचे दर चढतात, पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात. त्यात लग्नाच्या तिथी आल्या की तोच जनरेटर, तोच साउंड, तीच बिछायत तिघांना हवी असते. म्हणून कलाकारांची राहण्याची आणि गाड्यांची व्यवस्था चोख लावणाऱ्या माणसाला या महिन्यात सोन्याचा भाव असतो.

महोत्सव संपल्यावर उरलेले आठ महिने काय करायचं?

हा प्रश्न घरचे जास्त विचारतात आणि बरोबर विचारतात. फक्त महोत्सवांवर वर्ष निघत नाही. वर्षाची जुळवाजुळव करावी लागते. रामनवमीच्या शोभायात्रेसाठी चित्ररथ बनतात. 14 एप्रिलच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम असतात. तिथले साउंडवाले आणि वादक रोज रात्री कामावर असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्याआधी बडगे, म्हणजे त्यातले पुतळे, बनवणाऱ्या हातांना उसंत नसते. मग गणपती, दुर्गा, दसरा. मधल्या काळात शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं, कंपन्यांचे कार्यक्रम, लग्नं.

आणि झाडीपट्टी विसरू नका. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत आणि प्रयोगांची नोंदणी तिथूनच होते. नट, गायक, नर्तकी, ऑर्गन आणि ढोलकीवाले, पडदे-नेपथ्य सांभाळणारे, गाडी चालवणारे असा मोठा फौजफाटा हंगामभर या रंगभूमीवर जगतो. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, याचं मला वाईट वाटलं. नागपुरातल्या तरुणाने एक हंगाम तिकडे काढला तर वर्षभराच्या वर्गात मिळणार नाही एवढं शिकून येतो.

मंच व्यवस्थापक म्हणजे नेमकं काय? सूत्रसंचालन का?

नाही. सूत्रसंचालक, म्हणजे निवेदक, बोलतो. मंच व्यवस्थापक शक्यतो कुणाला दिसू नये.

माझा दिवस सांगते. सकाळी दहाला मैदानावर. हातात प्रत्येक कलाकाराची मंचमांडणी असते: तबला कुठे, हार्मोनियम कुठे, किती माइक, कुणाला कानाजवळ कशाचा आवाज हवा. त्यावरून साउंडवाल्यांबरोबर वायरी कुठून जाणार ते ठरवायचं. दुपारी ध्वनिचाचणी. ज्याचा कार्यक्रम शेवटी, त्याची चाचणी आधी घेतात, म्हणजे पहिल्या कलाकाराची मांडणी संध्याकाळी तशीच उभी राहते. चारला लाइट. सहाला प्रेक्षक आत. सातला सुरू. मग प्रत्येक बदलाला माझ्या हातात पाच किंवा सात मिनिटं असतात. तेवढ्यात एक मांडणी उचलून दुसरी लावायची आणि निवेदकाला खूण करायची.

या सगळ्यावर एक घड्याळ बसलेलं असतं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा दिवस त्या पंधरांत नसेल तर दहा म्हणजे दहा. पाहुण्यांची भाषणं वीस मिनिटं लांबली की ती वीस मिनिटं शेवटच्या कलाकाराच्या पदरातून जातात. एकदा बाराशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या लोकनर्तकांच्या चमूला मला सांगावं लागलं की तुमच्याकडे आता आठच मिनिटं आहेत. त्या मुलींनी घुंगरं बांधलेली होती. त्या रात्रीपासून मी आयोजकांना भाषणांचा वेळ आधी लिहून मागते आणि तो लिहून दिल्याशिवाय कार्यक्रमपत्रिका छापायला जाऊ देत नाही.

साउंड किंवा लाइटचं काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून?

साउंडवाल्याच्या गोदामातून. पहिले काही महिने तुम्ही पेट्या उचलाल, केबल गुंडाळाल, कोणती वायर कुठे जाते ते पाठ कराल. केबल कोपराभोवती गुंडाळायची नसते; आतली तार पिळून तुटते. एकदा सुलट, एकदा उलट असा वेढा घ्यायचा. हे ज्याला जमतं त्याला उस्ताद दुसऱ्या महिन्यात मिक्सरजवळ उभं करतात. आजचे मिक्सर डिजिटल आहेत, त्यामुळे संगणकाची सवय असलेल्यांना पुढे जाणं सोपं पडतं. पण कान हवेत. उघड्या मैदानाचा आवाज आणि सुरेश भट सभागृहासारख्या बंद जागेचा आवाज यांत फार फरक असतो, आणि रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी प्रेक्षक भरल्यावर बदलते. माणसांचे कपडे आवाज पितात, थंडीच्या दिवसांत तर स्वेटर-शालींमुळे आणखीच.

लाइटकडे जायचं असेल तर आधी विजेची भीती आणि शिस्त दोन्ही अंगी बाणवा. जनरेटरवर किती भार आहे, अर्थिंग नीट आहे का, ट्रसवर चढताना पट्टा बांधलाय का. वर चढणाऱ्याला पट्टा देत नाहीत तिथे चढू नका. काम गेलं तर जाऊ द्या.

मी चित्रकला शिकलेय. मला यात जागा आहे?

भरपूर. नेपथ्य, स्वागतकमानी, सेल्फीसाठीचे देखावे, कलादालनाची मांडणी, मुलांच्या कार्यशाळा. शासकीय चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना मी नेहमी सांगते, एक महिना महालातल्या चितारओळीत काढा. तिथली कारागीर घराणी पिढ्यान् पिढ्या मूर्ती आणि देखावे घडवतात. बांबू, तणस आणि माती यांतून आठ फुटांची आकृती दोन दिवसांत कशी उभी राहते, ती टेम्पोतून नेताना मोडणार नाही यासाठी आधार कुठे द्यायचा, हे त्यांना ठाऊक असतं. मैदानावरच्या नेपथ्याला हेच ज्ञान लागतं: हलकं, मजबूत, पटकन उभं राहणारं, वाऱ्यात न उडणारं.

साहित्य महोत्सवात काय काम असतं? मला पुस्तकं आवडतात, बाकी काही येत नाही.

पुस्तकं खरोखर वाचणारा माणूस तिथे हवाच असतो. लेखकाची मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न काढून देणं, लेखकांची ने-आण, पुस्तकांचा स्टॉल, स्वाक्षरीची रांग, सत्रांचं टिपण, हिंदी-मराठी-इंग्रजी असं इकडून तिकडे बोलणं पोहोचवणं. नागपूरकराला मराठी आणि हिंदी दोन्ही घरच्यासारख्या येतात. ही आपली जमेची बाजू आहे, ती अर्जात लिहा. 1923 साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना जाऊन बसत जा. माणसं ओळखीची होतात आणि हाक तिथूनच येते.

स्वयंसेवक म्हणून फुकट काम करावं का?

एकदा करावं. एक महोत्सव, तीन-चार दिवस, कॉलेजात असताना. त्यातून तुम्हाला काय आवडतं ते कळतं. जेवण, येण्याजाण्याचा खर्च, ओळखपत्र आणि प्रमाणपत्र तरी मिळायलाच हवं, आणि तुमचं काम काय ते आधी सांगितलेलं असावं.

दुसऱ्या वर्षी त्याच ठिकाणी त्याच कामासाठी पुन्हा फुकट बोलावलं तर पैसे विचारा. मांडववाल्याला पैसे मिळतात, जनरेटरवाल्याला मिळतात, मग आठ तास दारावर उभ्या असलेल्या मुलीला का नाही? "एक्सपोजर मिळेल" या उत्तरावर घरभाडं देता येत नाही. हे मी कडक शब्दांत लिहिते आहे, कारण दरवर्षी चांगली मुलं याच टप्प्यावर हे क्षेत्र सोडून जातात.

पैसे कसे ठरतात, आणि वेळेवर मिळतात का?

तंत्रज्ञांचे बहुधा दिवसावर किंवा कार्यक्रमावर ठरतात, व्यवस्थापनातल्यांचे पूर्ण महोत्सवाचे एकरकमी, कलाकारांचे मानधन म्हणून. दिवस म्हणजे किती तास, हे आधी विचारा. उभारणीचा आणि उतरवण्याचा दिवस धरला आहे का, रात्री बारानंतर थांबलो तर वेगळे मिळतील का, हेही.

वेळेचं विचाराल तर नेहमी नाही. माझ्या चौथ्या वर्षी एका आयोजकाने पाच दिवसांच्या कामाचे पैसे सात महिने लटकवले. तोंडी बोलणं झालं होतं, कागद काही नव्हता. प्रत्येक फेरीला "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत यायचे. रागापेक्षा मला लाज वाटायची, जणू मीच उधार मागते आहे. तेव्हापासून मी काम घेताना व्हॉट्सअॅपवर का होईना, चार ओळी लिहून पाठवते: काम, तारखा, रक्कम, पैसे देण्याची तारीख. समोरच्याचं "ठीक आहे" आलं की मगच पिशवी भरते. काही भाग आगाऊ मागण्यात संकोच करू नका.

स्वतःचा छोटा व्यवसाय असेल, म्हणजे साउंड, लाइट, छायाचित्रण, सजावट, तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. नोंदणी झालेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं आणि तक्रारीची सोयही आहे. पॅन कार्ड द्या. ते नसेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, 20 टक्क्यांपर्यंत कापला जातो. कापलेला टीडीएस तुमचाच आहे, विवरणपत्र भरून परत मागता येतो. कितीतरी वादकांना मी हे सांगितल्यावर पहिल्यांदा कळलं. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगारांसाठी ई-श्रम कार्ड आहे, तेही काढून ठेवा.

मुलींनी हे काम करावं का? रात्री उशीर होतो.

आई-वडील विचारतात तेव्हा मी खरं ते सांगते. कार्यक्रम दहाला संपतो, आवराआवर एकपर्यंत चालते आणि तोवर मेट्रो बंद झालेली असते. म्हणून काम स्वीकारतानाच घरी सोडायची गाडी ठरवून घ्या, आणि ती सगळ्या मुलींना मिळेल असं पाहा. मैदानावर स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली मागा. या मागण्या नखऱ्याच्या नाहीत.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा महोत्सवालाही लागू होतो आणि त्यात स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी, रोजंदारीवरच्या स्त्रियाही येतात. दहा किंवा अधिक माणसं कामावर असतील तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी सुरुवात केली तेव्हा मिक्सरमागे एकही बाई नसायची. आता दिसतात. अजून हव्यात.

डिग्री लागते का?

बहुतेक कामांना नाही. पत्रकारिता, नाट्यशास्त्र, ललित कला शिकलेल्यांना पहिली दारं लवकर उघडतात, एवढंच. वेळ पाळणारा आणि फोन उचलणारा माणूस डिग्रीवाल्याच्या आधी बोलावला जातो.

माझं वय बावन्न आहे. उशीर झाला का?

अजिबात नाही. हिशेब, परवानग्या, पाहुण्यांचं आदरातिथ्य, ज्येष्ठ कलाकारांची काळजी या कामांना पिकलेली माणसंच शोभतात. एका निवृत्त बँक कर्मचारी काकांमुळे आमचा एक महोत्सव पहिल्यांदाच रुपया न् रुपयाचा हिशेब जुळवून संपला.

काम मागायला जायचं कसं?

"काही पण करीन" असं लिहू नका. त्यावर कुणालाच काही सुचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे माणसं ठरायच्या आधी, छोटा निरोप पाठवा: "मी अमुक भागात राहते, दुचाकी आहे, मराठी-हिंदी-इंग्रजी बोलते, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ग्रीन रूम सांभाळली होती, 20 ते 30 नोव्हेंबर मोकळी आहे, कलाकार व्यवस्थेत काम हवं आहे." एवढं पुरतं. आयोजकांबरोबरच साउंड, लाइट, मांडवाचं कंत्राट घेणाऱ्यांनाही भेटा, कारण प्रत्यक्ष रोजगार बहुतेक त्यांच्याच हातात असतो.

आणि सावध राहा: काम देण्यासाठी कुणी नोंदणी शुल्क मागितलं तर तिथूनच परत फिरा.

पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं?

काळे किंवा गडद कपडे, म्हणजे मंचाच्या कडेला उभं राहिलं तरी प्रेक्षकांचं लक्ष जात नाही. बंद बूट. छोटी टॉर्च, पेन, मार्कर, चिकटपट्टी, मोबाइलची बॅटरी भरायचं साधन, पाण्याची बाटली. स्वेटर आणि कानटोपी नक्की, दुपारी कितीही ऊन असलं तरी. डिसेंबरात रात्री अकराला उघड्या मैदानावर बोटं आखडतात आणि गाठी सुटत नाहीत. घरून पोटभर खाऊन या, कारण जेवणाची पाकिटं कलाकारांकडून सुरू होतात आणि आपल्यापर्यंत यायला दहा वाजतात. पहाटे सगळं उतरवून झालं की पोहे-तर्रीच्या ठेल्यावर आम्ही सगळे जातो. नवीन माणसाचे पैसे त्या दिवशी आम्ही देतो.